निर्दोष सुटलेल्या लेखकाविरुद्ध अपील करण्याआधी : विधी व न्याय विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव व विधि परामर्शी,
विधी व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई

प्रत : मा. संचालक, अभियोग संचालनालय

विषय : अश्लील प्रकाशनाच्या खटल्यांत शासनाने करावयाच्या (आणि न करावयाच्या) अपिलांबाबत

महोदय,

मी एका जिल्ह्याच्या गावातून दिवाळी अंक काढतो. वकील नाही, कायद्याची पदवीही नाही. तरी अश्लीलतेच्या खटल्यांचे निकाल वाचायची सवय लागली, ती धंद्यापायी. अंकात तळाशी बारीक टाइपात संपादक, मुद्रक, प्रकाशक अशी नावं छापावी लागतात, आणि कुणाला एखादी कथा झोंबली की फिर्याद याच नावांवर होते. माझ्या अंकात त्यातली दोन नावं माझीच आहेत.

मागणी आधी सांगून टाकतो, म्हणजे पत्र कुठल्या टेबलावर पाठवायचं ते ठरवायला सोपं जाईल. अश्लील प्रकाशनाच्या खटल्यात न्यायदंडाधिकाऱ्यांनी लेखकाला, प्रकाशकाला, मुद्रकाला किंवा विक्रेत्याला निर्दोष सोडलं, तर त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जायचं की नाही हे शासन ठरवतं. हा गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे, त्यामुळे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना परस्पर सत्र न्यायालयात अपील लावून घेता येत नाही. निर्णय राज्य शासनाचाच. तो कोणत्या निकषांवर घ्यायचा याचं लेखी धोरण जाहीर करा, आणि धोरण असं असू द्या की अपील हा अपवाद ठरेल. आता हे का म्हणतो, ते जरा सविस्तर.

'रंभा' मासिकाचा १९६२ चा दिवाळी अंक. त्यात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा होती. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, एवढाच तिचा जीव. सामाजिक आणि शैक्षणिक संस्थांत रस असलेल्या एका गृहस्थांनी तो अंक वाचला आणि १९६३ मध्ये फिर्याद गुदरली. फिर्यादीत एकटी 'श्यामा' नव्हती, अंकातला इतरही मजकूर होता, व्यंगचित्रंही होती. आरोपी तिघं : मुद्रक-प्रकाशक, लेखक आणि विक्रेता. न्यायदंडाधिकाऱ्यांनी सगळं तपशिलात तपासून तिघांनाही निर्दोष सोडलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण फिर्यादी उच्च न्यायालयात गेले आणि त्यांच्याबरोबर महाराष्ट्र शासनही गेलं. विक्रेत्याविरुद्ध पुरावा नाही हे तिथे मान्य करावं लागलं. बाकी दोघं 'श्यामा'पुरते दोषी ठरले. शिक्षा? प्रत्येकी २५ रुपये दंड, न भरल्यास एक आठवडा साधी कैद, शिवाय त्यांच्या ताब्यात असलेले अंक नष्ट करण्याचा आदेश. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ मध्ये सुटले. २५ रुपयांसाठी दिल्ली गाठणाऱ्या माणसाला लोक हट्टी म्हणत असतील. मला तो अत्यंत व्यवहारी वाटतो. दंड भरून मोकळं होणं म्हणजे 'अश्लील लेखक' हा शिक्का कोर्टाच्या सही-शिक्क्यानिशी कपाळावर घेणं, आणि ज्याचं पोट प्रेमकथांवर आहे त्याला ते परवडणारं नव्हतं.

या प्रकरणातली एक बाब मात्र फारशी कुणी बोलून दाखवत नाही, आणि माझ्या पत्राचं सगळं वजन तिच्यावर आहे. खालच्या कोर्टात दोषी ठरलेल्या माणसाला वर अपिलाचा हक्क असतो. पण खाली सुटलेल्या माणसाला उच्च न्यायालयाने पहिल्यांदा दोषी ठरवलं, तर सर्वोच्च न्यायालयात हक्काने अपील करता येतं ते फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेल्या कैदेची शिक्षा झाली तरच. त्याहून कमी शिक्षा असेल तर विशेष परवानगी मागायची. ती मिळेल किंवा मिळणार नाही. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे तसंच राहिलं आहे, आणि अश्लीलतेच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांच्या जवळपासही जात नाही. म्हणजे शासन जेव्हा सुटकेविरुद्ध उच्च न्यायालयात जातं, तेव्हा ते एका न्यायाधीशाचं मत दुसऱ्याकडून तपासून घेत असतं, आणि त्याच वेळी लेखकाच्या हातातलं हक्काचं अपील काढून घेण्याचीही तयारी करत असतं. खुनाच्या खटल्यात हा धोका पत्करायला कारण असतं. तिथे एक प्रेत असतं, रक्ताचे नातेवाईक असतात. 'श्यामा'च्या खटल्यात कोण होतं? अंक वाचून संतापलेले एक गृहस्थ.

दंडाची रक्कम लहान असली की आपल्याला वाटतं, कोर्टाने सौम्यपणा दाखवला. तसं नेहमी नसतं. रणजित उदेशी यांचं प्रकरण घ्या. मुंबईतल्या एका पुस्तकाच्या दुकानात ते चारांपैकी एक भागीदार होते. डिसेंबर १९५९ मध्ये पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवलं, त्याने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या इंग्रजी कादंबरीची काटछाट न केलेली प्रत विकत घेतली आणि चारही भागीदारांवर खटला झाला. दंड झाला २० रुपये. आता, एवढ्या किरकोळ दंडाविरुद्ध जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अपिलाचा हक्कच नव्हता. उदेशींना उच्च न्यायालयात रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, लावावं लागलं, ते विरुद्ध गेलं, मग सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगी. १९६४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांची दोषसिद्धी कायम केली. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर त्या पीठावर होते, निकाल लिहिला न्या. हिदायतुल्ला यांनी. दंड लहान आणि तेवढाच वरचा दरवाजाही लहान, असा हा हिशेब.

उदेशी निकालावर मराठीत बरंच लिहून झालं आहे, त्यात शिरत नाही. दोनच गोष्टी. मायकेलअँजेलोच्या देवदूतांना आणि संतांना बघण्याआधी तुमानी चढवायची गरज नाही, असं त्याच निकालात लिहिलेलं आहे. आणि दुकानातल्या प्रत्येक पुस्तकात काय आहे हे विक्रेत्याला कुठून ठाऊक असणार, या युक्तिवादाला तिथे थारा मिळाला नाही. अश्लीलता माहीत होती हे सरकारी पक्षाने सिद्ध करायची गरज नाही, असं ठरलं. साठ वर्षं उलटली तरी छोट्या गावातला विक्रेता त्या वाक्याखालीच उभा आहे. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवाल्याने माझा अंक उघडून वाचलेला नसतो. गठ्ठा सोडतो, किंमत बघतो, कमिशन किती ते विचारतो आणि दोरीला चिमटे लावून टांगतो. त्याला आरोपी क्रमांक तीन करण्यात शासनाला काय मिळतं?

आपल्या दिवाळी अंकांचं सख्खं भावंड म्हणजे बंगालचे शारदीय अंक. तिथेही असंच घडलं. समरेश बसूंची 'प्रजापती' ही कादंबरी 'देश' या बंगाली नियतकालिकाच्या १९६७ च्या शारदीय अंकात आली. एका तरुण वकिलाने फिर्याद केली. बुद्धदेव बसूंसारख्या साहित्यिकाने साक्ष दिली, तरी १९६८ मध्ये मॅजिस्ट्रेटनी लेखकाला आणि प्रकाशकाला प्रत्येकी २०१ रुपये दंड ठोठावला आणि त्या अंकाची पानं १७४ ते २२६ नष्ट करण्याचा आदेश दिला. उच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं ते १९८५ मध्ये. शिवराळपणा म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि न्यायाधीशाने आधी लेखकाच्या जागी उभं राहावं, मग सगळ्या वयांच्या वाचकांच्या जागी, असं त्या निकालात आहे. अठरा वर्षं झाली होती. १७४ ते २२६ म्हणजे ५३ पानं. ज्याने अंक बांधून घेतला आहे त्याला कळेल, एवढी पानं काढून टाकल्यावर उरलेल्या अंकाचा मणकाच सुटतो. लेखक १९८५ मध्ये निर्दोष ठरला म्हणून १९६७ चा अंक परत छापला जात नाही. म्हणून दुसरी विनंती : नष्ट करण्याचा आदेश झालाच, तर शेवटचं अपील निकाली निघेपर्यंत तो अमलात आणू नये, असं आपल्या सरकारी वकिलांनीच कोर्टाला सांगावं. मुद्देमालाच्या खोलीत एक गठ्ठा आणखी पडून राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही.

पुन्हा 'श्यामा'कडे येतो, कारण त्या निकालातल्या एका विधानाला मी मराठी साहित्याच्या इतिहासात जागा देईन. न्या. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलं आहे, त्याचा आशय असा : ही कथा फार वरच्या साहित्यिक दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वता आणि तोकडा अनुभवही तिच्यात दिसत असेल, पण उच्च न्यायालयाने दाखवलेल्या उताऱ्यांत भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ चा, म्हणजे अश्लील प्रकाशनाच्या कलमाचा, भंग करणारं काही नाही. काकोडकरांना हे वाचून काय वाटलं असेल कोण जाणे. सुटका झाली आणि समीक्षाही झाली! पण याचं मोल मोठं आहे. मर्ढेकरांवर खटला झाला तेव्हा उभा महाराष्ट्र म्हणू शकत होता की हा मोठा कवी आहे. काकोडकरांच्या बाजूने तसं म्हणायला कुणी पुढे येणार नव्हतं. त्यांची पुस्तकं फिरत्या वाचनालयांतून भाड्याने जायची, वर्तमानपत्रात गुंडाळून घरात यायची. त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं ते थोर होते म्हणून नव्हे, तर सामान्य लेखकालाही ते मिळालं पाहिजे म्हणून.

अडचण अशी की त्याच वर्षी, १९६९ मध्ये, कलम २९२ दुरुस्त झालं. विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी प्रकाशन लोककल्याणाचं आहे असं सिद्ध झालं तर ते सुटतं, असा अपवाद आला. वरवर पाहता चांगलं. पण त्याने आरोपीवर आपली थोरवी सिद्ध करायचं ओझं टाकलं. त्याच दुरुस्तीने शिक्षाही वाढवली. पूर्वी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी मुभा होती, म्हणून तर २० आणि २५ रुपयांवर भागत होतं. नंतर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड, अशी रचना झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ लागू आहे, त्यात दंडाची मर्यादा ५,००० रुपये केली, इलेक्ट्रॉनिक मजकूर स्पष्टपणे आत घेतला, बाकी चौकट जुनीच ठेवली. आज 'श्यामा'च्या लेखकाला दोषी ठरवलं तर निव्वळ २५ रुपयांवर सोडायची सोय कोर्टालाच राहिलेली नाही. कैद द्यावीच लागेल, भले कोर्ट उठेपर्यंतची का असेना. आपल्या एका अपिलाची किंमत १९६३ पेक्षा आज वाढली आहे ती अशी.

आता ज्या प्रकरणाबद्दल लिहिताना संपादक म्हणून मला अवघड होतं ते. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बुलेटिनमध्ये १९९४ साली छापून आली. तक्रार झाली, लातूरला खटला उभा राहिला, आरोप रद्द व्हावेत म्हणून प्रकरण वर वर चढत गेलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला मे २०१५ मध्ये, एकवीस वर्षांनी. तोही दोषी की निर्दोष हा नव्हे, खटला चालवायचा की नाही एवढाच. प्रकाशक आणि मुद्रक सुटले. प्रकाशकाने नंतरच्या अंकात बिनशर्त माफी छापली होती, हे कोर्टाने लक्षात घेतलं. कवीने मात्र खटल्याला सामोरं जावं, असं ठरलं. इतिहासात आदराचं स्थान असलेल्या व्यक्तीच्या तोंडी शब्द घातले असतील तर समकालीन समाजमान्यतेची कसोटी अधिक कडकपणे लावायची, हेही त्या निकालाने जोडलं. सर्वोच्च न्यायालयापुढे मी लहान माणूस आहे, तरी लिहितो : हा निकाल संपादकांना एक धडा देतो आणि तो वाईट धडा आहे. कविता मागून घ्या, छापा, कुणी ओरडलं की माफी छापा आणि कवीला पुढे करा. प्रकाशकाने माफी मागितली यात मी त्याला दोष देत नाही. त्याच्यामागे नोकरी होती, संघटना होती, संसार होता. पण कविता लिहिणं हा जास्त मोठा गुन्हा आणि ती शेकडो लोकांपर्यंत पोचवणं हा कमी, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

याचा परिणाम कोर्टात दिसत नाही, छापखान्यात दिसतो. आमच्या एका अंकात एका नव्या लेखिकेची कथा होती. नवरा परदेशी, घरात सासू, आणि मधल्या काळात स्वतःच्या शरीराकडे बघायला शिकलेली बाई. शेवटचा फर्मा मशीनवर चढायचा होता. प्रेसचे मालक प्रूफ घेऊन टेबलाशी आले. चष्मा कपाळावर, अंगठ्याला शाई. त्यांनी एका परिच्छेदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "संपादकसाहेब, मी हे घरी वाचलं. वाईट काही नाही. पण माझं नाव आहे हो खाली." मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. कोणा ओळखीच्या वकिलाकडून लिहून आणलेला : काही झाल्यास सर्व जबाबदारी संपादकाची राहील. मी सही केली. त्या कागदाचा फौजदारी कोर्टात काडीचाही उपयोग नाही हे मला ठाऊक होतं, बहुधा त्यांनाही होतं. कथा छापली गेली. अंकाबद्दल एकही तक्रार आली नाही, तीनचार बायकांची पत्रं तेवढी आली. पण पुढच्या वर्षी त्या प्रेसने आमचं काम घेतलं नाही, तारखा भरल्या आहेत म्हणाले. गुन्हा नोंदलेला नाही, समन्स नाही, तारीख नाही, तरी एक छापखाना कमी झाला.

आपण म्हणाल, मंत्रालयाबाहेर जग कुठे गेलं आणि हे गृहस्थ दिवाळी अंक धरून बसलेत. मोबाइलवर काय काय फिरतं ते बघा. बघतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा चेहरा कुणीतरी दुसऱ्याच शरीरावर चिकटवून फिरवला होता, आणि तिच्या वडिलांना तक्रार घ्यायला लावताना नाकीनऊ आले. तिथे बळी आहे, नाव आहे, रोज कॉलेजला जाणारी मुलगी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं आहेत, मुलांच्या बाबतीत पॉक्सो आहे. तिथे खुशाल अपिलं करा, सुटकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जा, आम्ही संपादक मंडळी वर्गणी काढून हार घालू. पण आपल्याकडे नेहमीचं चाललंय ते आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका यूट्यूब कार्यक्रमातल्या विनोदावरून महाराष्ट्र सायबरने किती तत्परतेने गुन्हा नोंदवला! तो विनोद घाणेरडा होता, मला किळस आली. पण मार्च २०२४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका वेबमालिकेच्या प्रकरणात सांगितलं होतं की शिव्या आणि असभ्यता म्हणजे आपोआप अश्लीलता होत नाही. किळस येणं हा फौजदारी पुरावा नाही, हे १९८५ साली सांगून झालं, २०२४ साली पुन्हा सांगून झालं.

र. धों. कर्व्यांचं नाव घेतल्याशिवाय मराठीत हा विषय पुरा होत नाही, म्हणून थोडक्यात. संततिनियमनाचा प्रचार करणारं त्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून निघत होतं. व्यभिचारावरच्या लेखाबद्दल १९३१ साली पहिला खटला झाला आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरं देणं अश्लील कसं, असा त्यांचा सवाल होता. बाबासाहेब हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम अधिकृतपणे हाती घेतला, १९५३ मध्ये कर्वे गेले. त्या फाइली विदेशी सरकारच्या होत्या असं म्हणून आपण हात झटकू शकतो. 'श्यामा'ची फाइल मात्र आपल्याच राज्याची होती, महाराष्ट्र स्थापन होऊन तीन वर्षं झाली होती.

नव्या संहितेत काही चांगल्या फटी आहेत, त्यांचा उपयोग करून घ्या. खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं आता न्यायदंडाधिकाऱ्यांवर बंधन आहे. ही सोय १९६३ मध्ये असती तर काकोडकरांची सहा वर्षं कदाचित वाचली असती. पोलिसांत गेलेल्या प्रकरणाला मात्र हे कुंपण नाही. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेच्याच प्रकरणात म्हटलं की, शब्दांवरून आरोप असेल तेव्हा ही चौकशी करणंच योग्य. लिहिलेले शब्द आधी वाचून घ्या, असंही पोलिसांना बजावलं. पण कलम २९४ मध्ये पहिल्या गुन्ह्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंतची आहे, म्हणजे ते तीन वर्षांच्या उंबरठ्याअलीकडे राहतं. ज्या गुन्ह्यात सगळा प्रश्नच शब्दांचा, त्यालाच ती चौकशी लागू पडत नाही! कायदा बदलायला वेळ लागेल. अभियोग संचालनालयाचं लेखी मत घेतल्याशिवाय छापील मजकुरावर कलम २९४ लावू नये, आणि मत देणाऱ्याने अख्खं पुस्तक किंवा अख्खी कथा वाचली असल्याची नोंद करावी, एवढं परिपत्रक गृह विभागाकडून काढून घेणं आपल्याला अवघड नाही. तक्रारीला जोडलेली दोन पानांची झेरॉक्स, त्यावर पिवळ्या मार्करच्या रेघा, म्हणजे पुस्तक नव्हे.

कोणाच्या नजरेने वाचायचं याचंही उत्तर आपल्याच मातीतलं आहे. इंग्लंडातली १८६८ ची हिक्लिन कसोटी ज्याचं मन बिघडायला तयार आहे त्या वाचकाला मध्यभागी ठेवते. आपण ती २०१४ पर्यंत सांभाळली. एका टेनिसपटूच्या छायाचित्रावरून निघालेल्या, आणि तोवर वीस वर्षं चाललेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिला निरोप दिला आणि सर्वसाधारण माणसाची, समकालीन समाजमान्यतेची कसोटी घेतली. पण नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४६ मध्येच सांगून ठेवलं होतं की, शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर आणि धीराच्या माणसांच्या मापाने. कमकुवत, डळमळीत मनाच्या, आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसांच्या नव्हे. ते प्रकरण अश्लीलतेचं नव्हतं, तरी वरची २०२५ ची कविता सोडवताना हेच माप कामी आलं. नागपूरचा निकाल महाराष्ट्राच्या सरकारी वकिलांना दिल्लीहून परत आणावा लागू नये.

राहता राहिले जुने, रेंगाळलेले खटले. कोर्टाच्या संमतीने सरकारी वकिलाला खटल्यातून माघार घेता येते. दंगलींतले राजकीय कार्यकर्ते या तरतुदीतून सुटतात, ते आम्ही पेपरात वाचतो. एखाद्या कवितेसाठी ती कधी वापरली आहे का? अश्लीलतेच्या कलमाखाली केवळ छापील मजकुरासाठी दहा वर्षांहून अधिक काळ पडून असलेल्या खटल्यांची जिल्हावार यादी करा आणि जिथे मूल नाही, बळी नाही, जबरदस्ती नाही, तिथे माघारीचा अर्ज द्या. न्यायदंडाधिकाऱ्यांना त्या तारखांमध्ये चेक बाउन्सची प्रकरणं तरी निकाली काढता येतील.

शासनाचं धोरण या पत्राला उत्तर म्हणून येईल अशी माझी अपेक्षा नाही. म्हणून सोबत माहितीच्या अधिकारातला अर्ज जोडला आहे, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. त्यात तीनच प्रश्न आहेत : २००० सालापासून कलम २९२ किंवा २९४ खाली छापील मजकुराच्या किती खटल्यांत आरोपी सुटले, त्यांपैकी कितींविरुद्ध शासनाने अपील केलं, आणि त्या प्रत्येक अपिलाच्या फाइलवर अख्खं पुस्तक वाचल्याची नोंद कुणाच्या सहीने आहे. दिवाळीचा अंक ऑगस्टअखेर छपाईला जातो, तीस दिवसांत उत्तर आलं तर त्याच अंकात छापीन. मजकूर आपल्याच विभागाचा असल्याने या खेपेला प्रेसवाल्यांनाही सहीचा कागद लागणार नाही.

आपला,
एका दिवाळी अंकाचा संपादक व प्रकाशक